रिम टेपला स्वस्त पर्याय: काय चालतं, काय फसतं आणि कसं लावायचं

पंक्चर काढलं, टायरच्या आतून बोटं फिरवून काटा शोधला, काहीच सापडलं नाही. ट्यूब परत बसवली आणि दोन दिवसांत चाक पुन्हा बसलं. असं वारंवार होत असेल तर टायरमध्ये शोधाशोध थांबवा आणि रिमच्या आत बघा. तिथे एक पातळ पट्टी असते. ती फाटलेली, सरकलेली किंवा गायबच झालेली असेल, तर कितीही नवीन ट्यूबा घातल्या तरी पैसे वाया जातात. या पट्टीला रिम टेप म्हणतात.

विकतची रिम टेप मुळात महाग वस्तू नाही. पण हवी तेव्हा ती हाताशी नसते, हव्या रुंदीची मिळत नाही, किंवा चार-पाच सायकलींना एकदम लावायची म्हटली की खर्च वाढतो. चांगली गोष्ट अशी की तिचं काम इतकं साधं आहे की दुसऱ्या कशासाठी बनवलेल्या दोन-तीन टेपा ते तितक्याच चोख करतात. वाईट गोष्ट अशी की हाताशी सगळ्यात आधी येणारी टेपच या कामाला सगळ्यात कमजोर असते. म्हणून टेपांची नावं पाठ करण्याआधी टेपवर नेमका कसला भार येतो ते समजून घ्या. तेवढं समजलं की दुकानात नवीन टेप दिसली तरी ती चालेल की नाही हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

आधी खात्री करा, दोष टेपचाच आहे ना

चाक उघडताना ट्यूब टायरमध्ये कशी बसली होती ते लक्षात ठेवा. व्हॉल्व्हच्या जागी टायरवर खडूने खूण केली तरी पुरे. मग ट्यूबमध्ये थोडी हवा भरून भोक शोधा आणि ते ट्यूबच्या कुठल्या बाजूला आहे ते बघा.

भोक बाहेरच्या बाजूला, म्हणजे रस्त्याकडच्या बाजूला असेल तर काटा, काच, तारेचा तुकडा असलं काहीतरी टायरमधून आत आलं आहे. शेजारी शेजारी दोन छोट्या चिरा असतील तर हवा कमी असताना खड्ड्यात चाक आपटून ट्यूब रिमच्या कडांमध्ये चिमटली गेली आहे. भोक आतल्या बाजूला, म्हणजे रिमला टेकणाऱ्या बाजूला असेल, तरच संशय टेपवर घ्या.

आता ती ट्यूब व्हॉल्व्ह जुळवून रिमवर ठेवा आणि भोक कुठे येतं ते पाहा. बरोबर एखाद्या स्पोकच्या जागी आलं तर शंका राहत नाही. ट्यूब उजेडात धरून आतली बाजू नीट न्याहाळली की आणखी एक खूण दिसते: ठरावीक अंतरावर बसलेले गोल, गुळगुळीत, किंचित फुगीर ठसे. त्यांच्यातलं अंतर मोजलं तर ते रिमवरच्या दोन भोकांमधल्या अंतराइतकं भरतं. त्या प्रत्येक ठशाच्या जागी रबर ताणून पातळ झालेलं असतं. एक फुटलं आहे, बाकीचे त्याच वाटेवर आहेत. अशी ट्यूब ठिगळ लावून वापरत राहण्यात अर्थ नाही.

टेपवर किती भार येतो

रिमच्या आत स्पोक पकडून ठेवणाऱ्या छोट्या नटांना निपल म्हणतात. रिम दोन प्रकारची असते. एकेरी भिंतीच्या रिममध्ये निपलची डोकी थेट आतल्या पृष्ठभागावर वर आलेली दिसतात. दुहेरी भिंतीच्या रिममध्ये निपल खालच्या भिंतीवर बसतात आणि वरच्या भिंतीला, निपल आत सोडता यावं म्हणून, मोठी भोकं ठेवलेली असतात. ती साधारण ८ ते ९ मिलिमीटर व्यासाची असतात आणि चाकात बहुधा ३२ किंवा ३६ असतात.

एकेरी भिंतीत टेपचं काम म्हणजे खडबडीत, टोकदार गोष्टींपासून ट्यूब दूर ठेवणं. तिथे मऊ आणि जाड वस्तू चालते. दुहेरी भिंतीत काम वेगळंच आहे. तिथे टेपला भोकावर पूल होऊन राहायचं असतं आणि तो पूल खाली झुकता कामा नये.

हिशेब करून बघा. ८ मिलिमीटर व्यासाच्या भोकाचं क्षेत्रफळ सुमारे अर्धा चौरस सेंटिमीटर. ट्यूबमध्ये १०० पीएसआय (पीएसआय हे हवेचा दाब मोजायचं माप) हवा असेल तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ७ किलोचा दाब. म्हणजे प्रत्येक भोकावर टेपला साडेतीन किलोचा भार पेलावा लागतो, तोही दिवसरात्र, सायकल उभी असली तरी. ४० पीएसआयला हाच भार दीड किलोच्या आत येतो. डोंगरातल्या रुंद टायरच्या सायकलीवर जी टेप वर्षानुवर्षं टिकते ती बारीक टायरच्या रोड सायकलवर आठवड्यात का फाटते, त्याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

म्हणून टेप निवडताना पहिला प्रश्न: ताणली की लांबते का? दुसरा प्रश्न: चिकटते किती? क्रम उलटा करू नका. एकदा ट्यूबमध्ये हवा भरली की ट्यूबच टेपला जागेवर दाबून धरते. चिकटपणा फक्त तोपर्यंत टेप बसून राहावी आणि पुढे आजूबाजूला सरकू नये एवढ्यासाठी हवा. टेपचा पाया मात्र न ताणणारा हवाच. बहुतेक लोक टेप बोटाला किती घट्ट चिकटते ते बघून ती निवडतात, आणि तिथेच चुकतं.

रुंदी आणि लांबी

टायरच्या बाजूवर ३२-६२२ असा आकडा छापलेला असतो. त्यातला दुसरा आकडा म्हणजे टायर जिथे बसतो तिथला रिमचा व्यास, मिलिमीटरमध्ये. ६२२ म्हणजे ७०० सी आणि २९ इंची, ५८४ म्हणजे साडेसत्तावीस इंची, ५५९ म्हणजे डोंगरी सायकलींचं जुनं २६ इंची, ४०६ म्हणजे छोट्या घडीच्या सायकलींचं २० इंची. या व्यासाला ३.१४ ने गुणलं की घेर मिळतो. ६२२ ला तो १९५ सेंटिमीटर, ५५९ ला १७६, ४०६ ला १२८ च्या आसपास. रिमचा आतला तळ याहून थोडा खोल असतो, त्यामुळे खरी लांबी किंचित कमी भरते. पण टेप एकमेकांवर चढवायला १० सेंटिमीटर जास्त लागतेच. तेव्हा ६२२ च्या एका चाकाला एका थरासाठी २ मीटरहून थोडी जास्त टेप धरा. दोन चाकं, दोन थर म्हटलं की साडेआठ मीटर. १० मीटरचा रोल घ्या म्हणजे मध्येच जोड द्यावा लागणार नाही.

रुंदीबाबत जास्त काळजी घ्या. टायर काढल्यावर रिममध्ये मधोमध एक खोलगट भाग दिसतो आणि दोन्ही बाजूंना टायरची कड टेकायची सपाट जागा. टेपने भोकं पूर्ण झाकून प्रत्येक बाजूला निदान ३-४ मिलिमीटर पुढे जायला हवं, पण टायरच्या कडेच्या जागेवर चढायला नको. अरुंद टेप थोडीशी सरकली की भोकाची धार उघडी पडते, आणि ती धार ट्यूब कापते. फार रुंद टेप टायरच्या कडेखाली अडकते, मग टायर एका जागी वर आणि एका जागी खाली बसतो आणि चाक फिरवलं की तो लंगडताना दिसतो. रिमच्या आतल्या दोन भिंतींमधलं अंतर मोजा. ते १७ मिलिमीटर असेल तर १५-१६ ची टेप, १९ असेल तर १७-१८ ची. हे ट्यूब असलेल्या चाकांसाठी. ट्यूबलेसचा नियम वेगळा आहे, तो पुढे येतो.

बाजारातल्या टेपा बहुतेक २४-२५ मिलिमीटरच्या असतात. त्या कापून घ्याव्या लागतात. सोपी पद्धत अशी: रोलवरच हवी ती रुंदी मोजून पेनाने गोल रेघ मारा, रोल टेबलावर आडवा ठेवा आणि नव्या पात्याच्या कटरने रेघेवरून हळूहळू फिरवत चिरा द्या. एका दमात खोल कापायला जाऊ नका, दर फेरीला दोन-तीन थर कापले गेले तरी पुरे. हवी तेवढी लांबी मोकळी झाली की थांबा.

काय काय चालतं

*खेळाडूंची कापडी टेप.* घोटा किंवा मनगट आवळायला खेळाडू जी पांढरी, न ताणणारी सुती चिकटपट्टी वापरतात, ती माझ्या मते ट्यूबच्या चाकांसाठी सगळ्यात भरवशाचा पर्याय आहे. औषधांच्या किंवा खेळाच्या सामानाच्या दुकानात ती झिंक ऑक्साइड टेप या नावाने मिळते. विकतच्या चांगल्या रिम टेपाही बऱ्याचदा चिकट सुती कापडाच्याच असतात, त्यामुळे इथे तुम्ही जवळजवळ तीच वस्तू दुसऱ्या नावाने घेत असता. कापड लांबत नाही, रिम तापली तरी वितळत नाही, कडा ट्यूबला टोचत नाहीत. हॉकीच्या काठीला गुंडाळायची कापडी टेपही याच जातीची.

घेताना एक फरक नक्की बघा. तिच्याच शेजारी ताणली जाणारी, क्रेप बँडेजसारखी टेपही ठेवलेली असते. ती इथे निरुपयोगी आहे. आणि कापडात पाणी मुरतं हेही लक्षात ठेवा. लोखंडी रिम असेल आणि सायकल पावसात भिजत असेल तर कापडाखाली गंज धरतो, तेव्हा पावसाळा संपला की एकदा टायर उघडून चाक वाळवा. ॲल्युमिनियमच्या रिमला ही भीती बरीच कमी.

साध्या कापडी टेपचा एक थर ६०-७० पीएसआयपर्यंत पुरतो. त्यावर हवा भरत असाल तर दोन थर द्या.

*धाग्यांची पॅकिंग टेप.* जड खोकी बांधायला एक पारदर्शक टेप येते, तिच्यात लांबीच्या दिशेने काचेच्या तंतूंचे दोरे घातलेले असतात. तिला फिलामेंट टेप म्हणतात. हाताने ती आडवी तोडून बघा, तुटत नाही. ताकदीत ती कापडी टेपलाही मागे टाकते आणि दोन थर दिले तर रोड सायकलचा दाब आरामात पेलते. आडवे-उभे दोन्ही दोरे असलेली मिळाली तर आणखी उत्तम, कारण फक्त उभे दोरे असलेली टेप दोऱ्यांच्या मधून उभी फाटू शकते.

तिच्यात दोन उणिवा आहेत. कापलेल्या कडेतून काचेचे बारीक तंतू बाहेर येतात. ते बोटांत रुततात आणि ट्यूबवर सतत घासत राहतात. म्हणून तिच्यावर कापडी टेपचा किंवा अगदी इन्सुलेशन टेपचाही एक थर चढवा. खालचा थर भार घेतो, वरचा ट्यूबला मऊ जागा देतो. ही जोडी फार छान काम करते. दुसरी उणीव म्हणजे वर्षभराने काढताना डिंक रिमवर राहतो, तो रॉकेलने पुसून काढावा लागतो.

*जुनी ट्यूब.* एकेरी भिंतीची रिम आणि कमी दाब असेल तर खर्च शून्य. फेकायला काढलेली ट्यूब उभी चिरून तिची चाकाच्या तळाइतक्या रुंदीची पट्टी कापा. ट्यूब चाकाहून एक-दोन माप लहान घेतलीत तर तिचं अखंड कडं निघतं, ते ताणून रिमवर चढवलं की आपोआप घट्ट बसतं, चिकटवायची गरज नाही. व्हॉल्व्हचं जुनं भोकही तयार असतं, फक्त तिथला जाड भाग आणि धातूचा देठ कापून टाका. निपलच्या डोक्यांवर असं जाड रबर फार चांगलं. पण दुहेरी भिंतीच्या रिमवर हे कधीच करू नका. रबर भोकात बुडतं आणि ट्यूब त्याच्यामागे जाते. कारखान्यातून आलेली रबरी पट्टीसुद्धा जास्त दाबाला याच कारणाने फसते.

*इन्सुलेशन टेप.* विजेच्या तारांना लावायची ही टेप प्रत्येकाच्या घरात असते, त्यामुळे पहिला हात तिच्याकडेच जातो. दोन हातांत धरून ओढा. दीडपट सहज लांबते. भोकावरचा पूल हळूहळू असाच लांबत, खाली झुकत जातो. उन्हात तिचा डिंक पातळ होतो आणि टेप सरकते. एकेरी भिंतीवर, ४० पीएसआयच्या आत, तीन-चार थर दिले तर ती टिकते. मुलांच्या सायकलीला, घरातल्या घरात फिरणाऱ्या सायकलीला लावा. दुहेरी भिंत आणि जास्त दाब असेल तर तिला एकटीला कामाला लावू नका.

*डक्ट टेप.* आत जाळीदार कापड असल्यामुळे ताकद बऱ्यापैकी असते, आणि हाताने सरळ उभ्या पट्ट्या फाडता येतात. मध्यम दाबापर्यंत चालते. पण हिचा डिंक जाड असतो, गरमीत तो कडांमधून बाहेर येतो, टायरला आणि ट्यूबला चिकटतो, आणि पुढचं पंक्चर काढताना सगळं बरबटतं. जाडीही जास्त. वेळेला ठीक, पहिली निवड म्हणून नको.

*काय टाळायचं.* खोकी चिकटवायची साधी तपकिरी किंवा पारदर्शक टेप, कागदी मास्किंग टेप, नळाला गुंडाळायची टेफ्लॉन टेप यांपैकी काहीही नाही. पहिली भोकाच्या धारेवर चिरते, दुसरी ओली झाली की संपली, तिसरी तर ओढली की धाग्यासारखी लांबते. प्लास्टिकच्या बाटलीची पट्टी कापून घालण्याचा सल्लाही ऐकायला येतो. तिच्या कापलेल्या कडा आणि जोडाचा कोपरा पात्यासारखे धारदार असतात. त्या वाटेला जाऊ नका.

नावावर अवलंबून राहू नका, कुठलीही नवीन टेप अशी पारखा: टेपवर पेनाने १० सेंटिमीटर अंतरावर दोन रेघा मारा, दोन्ही हातांनी जोरात ओढून धरा आणि अंतर वाढलं का ते बघा. मग तिचा तुकडा रिमच्या एका भोकावर चिकटवा आणि पेनाच्या गोल बुडाने अर्धा मिनिट चांगला दाबून धरा. हात काढल्यावर वाटीसारखा खळगा राहिला तर ती टेप बाद. किंचित ठसा उमटून टेप परत सपाट झाली तर घ्या.

ट्यूबलेस चाकासाठी

इथे टेपला भार पेलण्याबरोबर हवाही अडवायची असते, त्यामुळे कापड, डक्ट टेप, धाग्यांची टेप हे सगळे बाहेर. यंत्रांचे सुटे भाग वाहतुकीत हलू नयेत म्हणून वापरतात ती ताण दिलेल्या पॉलिप्रॉपिलीनची टेप इथे चालते. टेसा ४२८९ आणि थ्रीएम ८८९८ या दोन टेपा सायकलवाल्यांमध्ये यासाठी बऱ्याच वापरात आहेत, आणि मोठ्या रोलमध्ये घेतल्या तर सायकलच्या नावाने विकल्या जाणाऱ्या छोट्या रोलपेक्षा मीटरमागे खूपच स्वस्त पडतात. चार मित्रांनी मिळून एक रोल घ्यावा.

या टेपची रुंदी रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा २ ते ४ मिलिमीटर जास्त हवी, कारण ती टायरच्या कडेखालीही जायला हवी. हूक नसलेल्या, म्हणजे टायरची कड धरून ठेवणारी आत वळलेली धार नसलेल्या रिमवर मात्र प्रयोग करू नका. तिथे टायर कडेच्या अचूक बसण्यावरच टिकून असतो आणि दाबाची मर्यादाही ५ बार, म्हणजे ७२ पीएसआयच्या आसपास असते. रिम बनवणाऱ्याने सांगितलेलीच टेप घ्या.

लावायची पद्धत

जुनी टेप पूर्ण काढा. जुन्यावर नवी चढवायचा मोह होतो, पण खालची सरकली की वरचीही सरकते. उरलेला डिंक रॉकेलने पुसा, मग रॉकेलचा तेलकटपणा स्पिरिटने काढा. चाक पूर्ण वाळू द्या. ओलसर रिमवर कुठलीच टेप धरत नाही.

आता कापसाचा बोळा रिमच्या आतून सगळीकडे फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे धार आहे. भोकांच्या कडा, रिमचा सांधा आणि व्हॉल्व्हचं भोक या जागा खास बघा. धार बारीक कानशीने किंवा पॉलिश पेपरने मोडा. एकेरी भिंतीच्या रिममध्ये एखाद्या स्पोकचं टोक निपलच्या बाहेर आलेलं असतं. ते निपलच्या डोक्याच्या पातळीला येईपर्यंत घासा. या टोकावर चार थर लावले तरी ते महिनाभरात वर येतंच, तेव्हा हा टप्पा गाळू नका. शेवटी धातूचा भुगा झटकून पुन्हा एकदा पुसा.

टेपची सुरुवात व्हॉल्व्हच्या भोकाच्या थोडी अलीकडे, दोन स्पोकच्या भोकांच्या मधल्या सपाट जागी करा. टोक भोकावर येऊ देऊ नका. पहिले १० सेंटिमीटर अंगठ्याने घट्ट दाबा. चाक दोन गुडघ्यांत धरा, एका हाताने रोल ओढून ताण द्या, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने टेप मधोमध बसवत पुढे सरका. एका वेळी दोन-तीन भोकांपेक्षा जास्त पुढे जाऊ नका. ताण इतका हवा की टेप खोलगट तळाला चिकटूनच खाली उतरेल. ढिली राहिली तर कडेला सुरकुत्या पडतात, आणि प्रत्येक सुरकुती ट्यूबवर घासते. टेप तिरकी जाताना दिसली तर पुढे सावरेल असं म्हणू नका, तेवढी उकला आणि पुन्हा लावा.

पूर्ण फेरा झाला की व्हॉल्व्हचं भोक ओलांडून सुरुवातीच्या टोकावर १० सेंटिमीटर चढवा. म्हणजे व्हॉल्व्हपाशी दोन थर येतात आणि व्हॉल्व्हचा देठ ते टोक धरूनही ठेवतो. दुसरा थर द्यायचा असेल तर न कापता तसाच फेरा पुढे चालू ठेवा. मात्र थर किती झाले याचं भान ठेवा. टायर चढवताना त्याची कड रिमच्या या खोलगट भागातच उतरवावी लागते. टेपांनी तो भाग भरून टाकला की टायर हाताने चढत नाही, मग लिव्हरने ओढाताण होते आणि त्यातच नवी ट्यूब चिमटते. पातळ इन्सुलेशन टेप सोडली, तर भार पेलायला दोन थर पुरत नसतील तेव्हा टेपच चुकीची आहे, त्याच टेपचा तिसरा थर हा उपाय नाही.

कापडी रुमाल बोटाला गुंडाळून सगळ्या टेपवरून जोर देत एक फेरी मारा. उजेडाकडे धरून बघा, प्रत्येक भोकाच्या दोन्ही बाजूंना टेप सारखी पुढे आली आहे का.

व्हॉल्व्हचं भोक

खूप जणांचं काम इथे बिघडतं. कात्रीने फुलीसारखा छेद दिला की कापडाचे धागे सुटत जातात आणि छेद बाजूला पसरतो. त्याऐवजी खिळा गॅसवर तापवा, पकडीत धरा आणि रिमच्या बाहेरच्या बाजूने व्हॉल्व्हच्या भोकातून आत सारा. प्लास्टिकच्या टेपची कड वितळून गोल आणि पक्की होते. कापडी टेप कडेला जळून थोडी कडक होते, धागे सुटत नाहीत. सोल्डरिंग आयर्न असेल तर त्याहून छान. भोक व्हॉल्व्हच्या देठाहून किंचित लहानच ठेवा, देठ थोडा जोर लावून आत गेला पाहिजे. कार्बनच्या रिमवर तापलेलं काही लावू नका, तिथे टोकदार कटरने नेमका छोटा छेद द्या.

बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हसाठी रिमचं भोक ६.५ मिलिमीटरचं असतं, जाड श्रेडरसाठी ८.५ चं. मोठ्या भोकाच्या रिममध्ये बारीक व्हॉल्व्हची ट्यूब घालत असाल तर देठाभोवती मोकळी जागा उरते आणि ट्यूब तिथे फुगून देठाच्या बुडाशीच फाटते. तिथे ठिगळही बसत नाही. जुन्या ट्यूबच्या रबराची जाड चकती कापा, मधे बारीक भोक पाडा आणि ती देठावर चढवून मगच ट्यूब रिममध्ये घाला.

बसवल्यावर

ट्यूबमध्ये थोडी हवा भरून तिला आकार द्या, मग टायरमध्ये बसवा. टायर चढला की दोन्ही बाजूंनी कडेच्या खाली डोकावून बघा, टेप किंवा ट्यूब कुठे अडकलेली नाही ना. अर्धी हवा भरा, चाक फिरवा, टायर सारखा बसला आहे याची खात्री करा आणि मग पूर्ण दाब द्या.

पहिल्यांदाच नवीन प्रकारची टेप वापरत असाल तर चाक रात्रभर पूर्ण दाबावर ठेवा आणि सकाळी एकदा उघडा. कंटाळा येईल, पण उतारावर वेगात असताना पुढचं चाक अचानक बसणं हे जिवावर बेतू शकतं, त्यापुढे ही वीस मिनिटं काहीच नाहीत. टेपवर भोकांच्या जागी उथळ खुणा दिसणारच, त्या चालतील. खोल वाट्या झाल्या असतील, टेप पांढरी पडून ताणल्यासारखी दिसत असेल किंवा कडेला भोक उघडं पडलं असेल तर ती उतरवा.

घाटातून उतरायचं असेल आणि ब्रेक रिमवर दाबणारे असतील तर आणखी एक विचार करा. लांब उतारावर सतत ब्रेक दाबला की रिम चांगलीच तापते आणि प्लास्टिकच्या टेपा तिथेच मऊ पडतात. अशा सायकलीला कापडीच टेप लावा. डिस्क ब्रेक असतील तर ती उष्णता रिमपर्यंत येत नाही, कुठलाही चांगला पर्याय चालेल.

पुढे जेव्हा जेव्हा टायर उघडाल तेव्हा टेपवरून बोट फिरवा. एखाद्या भोकाजवळ बोट खाली गेलं तर टेप बदलायची वेळ झाली.

रस्त्यात टेप फाटली तर

उरलेल्या कापडी टेपचे तीन-चार वेढे पंपाभोवती गुंडाळून ठेवा. वाटेत टेप फाटलेली दिसली तर फक्त त्या भोकावर, दोन्ही बाजूंना पुढच्या भोकांपर्यंत पोचेल इतका लांब तुकडा लावा. तेवढीही टेप नसेल तर पंक्चरच्या डब्यातलं मोठं ठिगळ भोकावर बसवा. ट्यूबला ठिगळ लावा, हवा नेहमीपेक्षा एक तृतीयांश कमी भरा, खड्डे चुकवत बेताने जा, आणि घरी पोचल्यावर तो तुकडा काढून पूर्ण फेरा नव्याने लावा.